कव्हर आणि मूळ गाणं शेजारी ठेवून कसं ऐकायचं: ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ घेऊन पायरीपायरीने

रॉक गाण्याचं कव्हर, म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने पुन्हा रेकॉर्ड केलेलं रूप, आणि त्याचं मूळ रेकॉर्डिंग यांची तुलना करायला बसलेला माणूस बहुतेक वेळा पहिल्याच मिनिटात निकाल देऊन मोकळा होतो. ‘मूळ फिकं आहे’, नाहीतर ‘मुळाची सर कव्हरला नाही’. उरलेला सगळा वेळ मग त्या निकालासाठी पुरावे गोळा करण्यात जातो. माझ्याकडे गिटार शिकायला येणारी मुलं हेच करतात आणि मीही कित्येक वर्षं हेच करत होतो. यांतल्या बहुतेकांचे कान चांगले असतात. चुकतो तो क्रम. काय आधी ऐकायचं, किती वेळा ऐकायचं आणि कधी थांबायचं, हे ठरलेलं नसतं.

इथे एकच गाणं शेवटपर्यंत धरून चालणार आहे: गीतकार-गायक बॉब डिलनचं ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने केलेलं त्याचं कव्हर. जोडी प्रसिद्ध आहे आणि म्हणूनच लोक तिच्यात सगळ्यात जास्त घसरतात. एकदा ही पद्धत हाताशी आली की कुठल्याही जोडीला लावता येते.

एका तासाच्या दोन बैठका धरा आणि मध्ये एक रात्र जाऊ द्या. साधे पण दोन्ही कानांचे हेडफोन, वही, पेन आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच एवढं लागेल. पेटी किंवा की-बोर्ड असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलवरचा पियानो चालेल.

## तयारी

### १. मूळ कोणतं ते आधी पक्कं करा

आपण जे पहिल्यांदा ऐकलं तेच मूळ, असं मन धरून चालतं. ‘ट्विस्ट अँड शाउट’ म्हटलं की बीटल्स आठवतात. त्यांचं रेकॉर्डिंग १९६३चं. त्याआधी १९६२ साली आयस्ली ब्रदर्सनी ते गायलं होतं आणि त्याच्याही आधी १९६१ मध्ये टॉप नोट्स या जोडीने. बीटल्सनी नमुना घेतला तो आयस्ली ब्रदर्सचा. त्यामुळे बीटल्सची तुलना थेट १९६१च्या रेकॉर्डिंगशी केली, तर मधल्या लोकांनी केलेले बदल तुम्ही बीटल्सच्या नावावर जमा कराल.

‘हाउंड डॉग’मध्ये हा घोटाळा आणखी स्पष्ट दिसतो. मूळ रेकॉर्डिंग बिग मामा थॉर्नटन यांचं, १९५२ साली केलेलं आणि १९५३ मध्ये बाजारात आलेलं. एल्व्हिस प्रेस्लीचं १९५६चं. ही दोन लागोपाठ ऐकली की वाटतं, एल्व्हिसने गाण्याचे शब्दच बदलून टाकले. पण ससा न पकडणाऱ्या कुत्र्याची ती ओळ आली फ्रेडी बेल आणि त्याच्या बेलबॉइज या बँडकडून. एल्व्हिसने त्यांचा कार्यक्रम लास व्हेगासमध्ये पाहिला होता.

काही गाण्यांना मूळ असं नसतंच. ‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे परंपरेने चालत आलेलं लोकगीत आहे. १९६४चं अ‍ॅनिमल्स या बँडचं रेकॉर्डिंग घरोघरी पोचलं, एवढंच. अशा वेळी ‘मूळ’ हा शब्द सोडून द्या आणि ‘आधीचं रेकॉर्डिंग’ असं लिहा.

वहीत तीन नावं वेगवेगळी लिहायची: गाणं कोणी लिहिलं, पहिलं रेकॉर्डिंग कोणाचं, आणि कव्हर करणाऱ्याने नेमकं कोणाचं ऐकून केलं. आपल्या जोडीत हे काम सोपं आहे. गाणं डिलनचं, पहिलं रेकॉर्डिंग त्याचंच आणि हेंड्रिक्सपुढे होतं तेही तेच.

### २. नेमकं रेकॉर्डिंग निवडा

गाण्याचं नाव टाकून जे पहिलं समोर येईल ते लावायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. एकेका गाण्याच्या स्टुडिओतल्या, कार्यक्रमातल्या, पुन्हा रेकॉर्ड केलेल्या अशा अनेक प्रती फिरत असतात. मी स्वतः एकदा डिलनच्या १९७४च्या दौऱ्यातलं रेकॉर्डिंग मूळ समजून दोन पानं लिहिली होती. ‘डिलनचं गाणं मुळातच किती आक्रमक आहे, हेंड्रिक्सला फारसं काही करावंच लागलं नाही,’ असं त्यात ठामपणे म्हटलं होतं. गाडी उलट्या दिशेने गेली होती. हेंड्रिक्सचं कव्हर ऐकल्यानंतर डिलन स्वतःच हे गाणं मंचावर त्या अंगाने वाजवू लागला होता. दोन्ही पानं फाडावी लागली.

आपल्याला हवी आहेत ती ही दोन:

- डिलन: ‘जॉन वेस्ली हार्डिंग’ या अल्बममधलं. ६ नोव्हेंबर १९६७ रोजी नॅशव्हिलमध्ये रेकॉर्ड झालं, अल्बम २७ डिसेंबर १९६७ला आला. लांबी साधारण अडीच मिनिटं.
- हेंड्रिक्स: ‘इलेक्ट्रिक लेडीलँड’ या अल्बममधलं. २१ जानेवारी १९६८ रोजी लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत सुरुवात, पुढचं काम न्यूयॉर्कमध्ये, अल्बम ऑक्टोबर १९६८. लांबी साधारण चार मिनिटं.

तपासा: लांबी जुळते का? अल्बमचं नाव तेच आहे का? गाण्याच्या आधी किंवा नंतर टाळ्या ऐकू येतात का? नावापुढे ‘लाइव्ह’ किंवा ‘री-रेकॉर्डेड’ लिहिलं आहे का? चारांतलं एक जरी खटकलं तर पुढे जाऊ नका.

मोनो (दोन्ही कानांत एकच आवाज) की स्टीरिओ (दोन कानांत वेगवेगळा आवाज) हेही वहीत लिहून ठेवा. डिलनचा हा अल्बम दोन्ही मिक्समध्ये मिळतो. एक मोनो आणि एक स्टीरिओ ऐकून ‘कव्हर जास्त पसरलेलं वाटतं’ असं लिहिलं, तर ती तुलना गाण्यांची उरत नाही, मिक्सची होते.

### ३. आवाज समान करा

कंटाळा येतो म्हणून हीच पायरी सगळे गाळतात. आवाजात अगदी थोडा फरक असला तरी मोठं वाजणारं गाणं आपल्याला ‘चांगलं’ वाटतं. ‘मोठं’ वाटत नाही, ‘जास्त जिवंत’, ‘जास्त भरलेलं’ वाटतं. कानाची ही सवय मोडत नाही, म्हणून तिला संधीच द्यायची नाही.

इक्वलायझर आणि आवाज ‘सुधारणारी’ सगळी बटणं बंद करा. गाण्यांचा आवाज एका पातळीवर ठेवण्याची सोय अ‍ॅपमध्ये असेल तर ती चालू ठेवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. अशी सोय साधारणपणे अख्ख्या गाण्याचा हिशेब करते. हेंड्रिक्सच्या गाण्यात गिटार इतकी जागा घेते की सरासरी जुळली तरी गळा मागेपुढे होऊ शकतो.

म्हणून गळ्याने मापा. दोन्ही गाण्यांतली पहिल्या कडव्याची पहिली ओळ आलटून पालटून लावा आणि गाणारा माणूस तुमच्यापासून तेवढ्याच अंतरावर उभा आहे असं वाटेपर्यंत आवाज कमीजास्त करा. दोन्हींचे आकडे वहीत लिहा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

सावधान: सोलो, म्हणजे गिटारचं एकटीचं वादन, आला की हात आपोआप आवाजाकडे जातो. जाऊ देऊ नका.

## पहिली बैठक

### ४. मूळ तीनदा, कव्हर एकदाही नाही

तुम्हाला हेंड्रिक्सचं कव्हर पाठ असेल तर डिलनचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा रिकामं वाटणारच. कान सतत काहीतरी शोधत असतो: ‘आता गिटार यायला हवी होती.’ जे तिथे कधीच नव्हतं त्याची उणीव भासते. मूळ ऐकताना ‘कमी’ हा शब्द मनात येतोय तोवर तुम्ही अजून कव्हरच ऐकताय.

पहिल्यांदा काहीच न लिहिता ऐका. दुसऱ्यांदा फक्त बेसच्या, म्हणजे खालच्या जाड स्वरांच्या गिटारच्या मागे जा. तिसऱ्यांदा फक्त ड्रम्सच्या. मग हातात पेन घ्या.

बेसवर एवढा भर देण्याला कारण आहे. ‘डिलनचं म्हणजे नुसती गिटार आणि माउथ ऑर्गन’ असं सर्रास लिहिलं जातं आणि ते चूक आहे. त्या खोलीत तिघे जण वाजवत होते. डिलनची अकूस्टिक गिटार आणि माउथ ऑर्गन, चार्ली मॅककॉयचा बेस, केनी बट्रीचे ड्रम्स. बेसवर लक्ष ठेवून ऐकलं की कळतं, तो एका जागी बसलेला नाही, सारखा चालतोय. गाण्याला पुढे ढकलतात ते बेस आणि ड्रम्स. गिटार त्यांच्या वर नुसती खरवडत राहते. हे एकदा ऐकू आलं की ‘रिकामं’ हा शब्द वहीतून आपोआप जातो.

तपासा: डोळे मिटून मूळ गाण्याचा बेस तोंडाने थोडातरी गुणगुणता येतो का? नसेल तर चौथ्यांदा ऐका.

### ५. आवर्तन मोजा, सांगाडा काढा

आता दोन्ही गाणी घ्या, पण ऐकायची नाहीत, मोजायची आहेत.

हे गाणं एका छोट्या आवर्तनावर उभं आहे. आठ मात्रा, दोन-दोन मात्रांना एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे जोडस्वर. सा वरची मायनर, मग कोमल नी, मग कोमल ध, पुन्हा कोमल नी, आणि परत सा. गाणं संपेपर्यंत हेच फिरत राहतं. ध्रुवपद नाही, मधला वेगळा भाग नाही. तीन कडवी, प्रत्येकी चार ओळी, एकेका ओळीला दोन आवर्तनं. म्हणजे एक कडवं आठ आवर्तनांचं. हा सांगाडा हेंड्रिक्सने जसाच्या तसा ठेवला आहे. कव्हरमध्ये काय बदललं हे शोधण्याआधी काय बदललं नाही ते लिहायचं, ते याचसाठी.

प्रत्येक आवर्तनाला वहीत एक उभी रेघ मारा. कडव्याखाली अधोरेखा, वाद्याच्या तुकड्याला वेगळी खूण. ही कागदावरची पट्टी तयार झाली की तुलनेचं अर्धं काम उरकतं.

डिलनच्या पट्टीवर दिसेल: सुरुवातीचं वादन, कडवं, माउथ ऑर्गनचा छोटा तुकडा, कडवं, पुन्हा छोटा तुकडा, कडवं, आणि शेवटी माउथ ऑर्गन. निम्म्याहून जास्त वेळ गायन चाललेलं असतं.

हेंड्रिक्सच्या पट्टीवर पहिलं कडवं, छोटा सोलो, दुसरं कडवं इथपर्यंत सगळं ओळखीचं आहे. मग पावणेदोन मिनिटांच्या आसपास सोलो सुरू होतो आणि मिनिटभराहून जास्त चालतो. रेघा मोजल्यात तर हा सोलो सोळा आवर्तनांचा भरतो, दोन कडव्यांएवढा. मग तिसरं कडवं आणि त्यानंतर पुन्हा गिटार. गायनाचा वाटा निम्म्याच्या खाली येतो.

‘हेंड्रिक्सने गाणं लांबवलं’ असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. ‘कडव्यांची लांबी तीच ठेवून दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामध्ये सोळा आवर्तनं घातली’ असं लिहा. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडणार आहे.

### ६. सम कुठे आहे ते शोधा

हेंड्रिक्सच्या सुरुवातीच्या काही सेकंदांत जवळजवळ प्रत्येक जण चुकतो. अकूस्टिक गिटारचे ते धारदार ठोके ऐकून वाटतं, पहिल्या ठोक्यालाच सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा आहे. तसं धरून मोजत गेलात की ड्रम्स आल्यावर एकदम पायाखालची फळी सरकते आणि वाटतं, वाजवणाऱ्यांनी ताल मोडला. त्यांनी ताल मोडलेला नाही. ते ठोके समेच्या अलीकडे, मात्रेच्या अधेमधे पडतात.

उपाय असा: सुरुवातीपासून मोजूच नका. पहिल्या कडव्यात, गाणं स्थिर झाल्यावर, बोटांवर आठ मात्रा पक्क्या करा. तशाच मोजत पुढच्या छोट्या सोलोत जा. आता गाणं पहिल्यापासून लावा आणि पक्की झालेली लय मनात चालू ठेवूनच सुरुवात ऐका. दोन-तीन खेपांत ते ठोके आपापल्या जागी बसतात. माझ्याकडच्या एका मुलीला हे जमलं तेव्हा ती तीन वर्षं गिटार वाजवत होती. ती हसायला लागली आणि सलग सात-आठ वेळा तेवढीच सुरुवात ऐकत बसली.

आता लय. मात्रांवर स्टॉपवॉच लावून दोन्हींची मोजणी करा, चार आवर्तनांना किती सेकंद लागतात ते बघा. मोजण्याआधी उत्तराचा अंदाज लिहून ठेवा. बहुतेकांचा अंदाज असतो की रॉक कव्हर जलद आणि मूळ संथ. मोजल्यावर उलटं निघतं: हेंड्रिक्सची लय डिलनपेक्षा संथ आहे. जोर वाढला, वेग उतरला. जोर आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे समजावून सांगण्यापेक्षा एकदा असं मोजायला लावणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

दुसरी एखादी जोडी घेतलीत तर तालच बदललेला असू शकतो, तिकडेही लक्ष असू द्या. ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ हे बीटल्सचं १९६७चं गाणं सरळ चारात आहे, केरव्यावर टाळी देता येते. जो कॉकरने १९६८ साली ते तीन-तीनच्या झोलात नेलं, दादऱ्याच्या चालीने. तिथे आवर्तनं मोजायला बसाल तर हिशेब जुळणारच नाही. आधी ताल ओळखा, मग मोजा.

### ७. स्वरपट्टी

ही पायरी थोडक्यात उरकते. पेटीवर सा शोधा. डिलनची पट्टी काळी एक, हेंड्रिक्सची पांढरी एक. अर्ध्या स्वराचा फरक. जुन्या टेपचा वेग थोडा इकडेतिकडे असतो, त्यामुळे पेटीशी तंतोतंत नाही जुळलं तर जवळचा स्वर धरा.

सावधान: ‘गाण्याला काळोख यावा म्हणून हेंड्रिक्सने पट्टी उतरवली’ असं लिहायचा मोह होतो. तो गिटारच्या तारा बरेचदा अर्धा स्वर उतरवूनच लावायचा. बोटं काळी एकच्या जागी ठेवली तरी अशा गिटारमधून पांढरी एकच निघते. ज्या फरकाला हाताशी साधं कारण आहे त्याला भावार्थ चिकटवू नका.

इथे पहिली बैठक संपवा. वही मिटा. रात्री पुन्हा ऐकू नका.

## दुसरी बैठक

### ८. वाद्यं: कोण कोणाची जागा घेतं

‘मुळात चार वाद्यं, कव्हरमध्ये जास्त’ अशी यादी करून थांबू नका. मुळातलं प्रत्येक वाद्य जे काम करत होतं ते कव्हरमध्ये कोणाकडे गेलं, ते शोधा.

डिलनच्या गाण्यात दोन कडव्यांमध्ये माउथ ऑर्गन येतो. ते काम हेंड्रिक्सची लीड गिटार घेते. खरवडणारी अकूस्टिक गिटार कव्हरमध्येही आहे, मोठ्या आवाजाच्या भरात लोकांना ती ऐकूच येत नाही. डेव्ह मेसनने बारा तारांची अकूस्टिक वाजवली आहे. एक कान झाकून, मग दुसरा झाकून ऐका, ती सापडेल. हेंड्रिक्सने डिलनची गिटार हटवली नाही, तिच्यावर दुसरं घर बांधलं. ड्रम्सवर मिच मिचेल. बेस खुद्द हेंड्रिक्सचा, कारण बँडचा बेसवादक नोएल रेडिंग त्या रेकॉर्डिंगमधून निघून गेला होता.

आता लांब सोलो. सलग एक मिनिट ऐकून ‘अफाट’ एवढंच लिहिलं जातं, म्हणून त्याचे तुकडे करा. सोळा आवर्तनांचे चार-चार असे चार भाग पडतात आणि प्रत्येक भागात गिटारचा आवाजच बदलतो.

पहिला भाग नेहमीच्या लीड गिटारचा, स्वर ओढून वाजवलेला. दुसऱ्यात स्वर एकातून दुसऱ्यात घसरत जातात. यासाठी हेंड्रिक्सने सिगारेट लायटर तारांवर फिरवला होता, असं त्या रेकॉर्डिंगबद्दल सांगितलं जातं. आपल्याकडे हवाईयन गिटार ऐकलेल्याला ही मींड लगेच ओळखू येईल. या भागात आवाज एका कानातून दुसऱ्या कानात फिरतो, म्हणून हेडफोन हवेत. तिसऱ्या भागात वा-वा पेडल, म्हणजे पायाने दाबायचं ते पेडल, ज्याने गिटार तोंड उघडल्या-मिटल्यासारखी बोलते. चौथ्यात सुटे स्वर थांबतात आणि जोडस्वरांचे, कॉर्डचे ठोके सुरू होतात. ते वर चढत जातात आणि तिसऱ्या कडव्याच्या दाराशी नेऊन सोडतात.

तपासा: सोलोच्या चारही भागांची सुरुवात मिनिट-सेकंदात लिहिली का? त्या वेळांना गाणं नेमकं लावून आवाज बदलल्याचं पुन्हा ऐकलंत का?

### ९. गळा आणि शब्द

शब्द समोर ठेवू नका. आधी कानाने ऐकून जे कळेल ते लिहा, मग छापील शब्दांशी पडताळा. उलट केलंत तर डोळा कानाला फसवतो आणि दोन्ही गायक तेच म्हणतायत असं वाटत राहतं. पहिल्या कडव्याच्या शेवटच्या ओळीत हेंड्रिक्सचे शब्द डिलनसारखे नाहीत. किती जणांच्या हे कधीच लक्षात आलेलं नसतं!

शब्दांतला फरक सापडला की ‘मुद्दाम बदलले’ किंवा ‘चुकून बदलले’ असं ठरवू नका. फरक आहे, एवढं लिहा. पुढे अर्थ बदलतो का ते बघा.

मग श्वास ऐका. डिलन ओळ सरळ सांगत जातो, निरोप्याने निरोप द्यावा तसा, आणि स्वर फारसे हलवत नाही. हेंड्रिक्स ओळीच्या मागे रेंगाळतो, कुठे हाक मारल्यासारखा उद्गार टाकतो, आणि ओळ संपली की गिटार त्याला उत्तर देते. त्याच्या कडव्यांत प्रत्येक ओळीनंतरची रिकामी जागा ऐका. गाणारा आणि गिटार यांची ती सवाल-जबाबाची जागा आहे. डिलनकडे त्या जागी फक्त ताल चालत राहतो.

### १०. एक निर्णय शोधा

आतापर्यंत वहीत पंधरा-वीस फरक जमले असतील. ते सगळे सारख्या वजनाचे नसतात. कव्हर करणाऱ्याने एखादा मोठा निर्णय घेतलेला असतो आणि बाकीचे बरेच फरक त्याच्या मागोमाग येतात. तो निर्णय शोधायचा, हेच तुलनेचं खरं काम आहे. एकाच बंदिशीवर दोन गायकांचा विस्तार ऐकताना आपण हेच करतो. शब्द तेच, चीज तीच. कोण कुठे थांबला आणि कुठे भरलं, त्यावरून गायकी कळते.

या गाण्यात तो शोधायचा तर शब्दांची मांडणी बघा. पहिली दोन कडवी संवादाची आहेत, विदूषक आणि चोर यांच्या बोलण्याची. तिसऱ्या कडव्यात अचानक लांबून दिसणारं दृश्य येतं. टेहळणीचे बुरूज, तिथून पाहणारे राजपुत्र, दूरवर गुरगुरणारं जंगली जनावर, जवळ येणारे दोन घोडेस्वार, आणि शेवटी घोंगावू लागलेला वारा. गाण्याचं नावसुद्धा या कडव्याआधी कुठेच येत नाही. कथेची सुरुवात व्हावी अशी जागा आणि तिथेच गाणं संपतं.

आता पाचव्या पायरीतलं वाक्य काढा: दुसऱ्या आणि तिसऱ्या कडव्यामध्ये सोळा आवर्तनं. डिलन बोलण्यावरून दृश्यावर जाताना माउथ ऑर्गनचा एक छोटा तुकडा ठेवतो आणि लगेच बुरुजांवर पोचतो. त्यामुळे तिसरं कडवं ऐकताना धक्का बसतो: हे कुठून आलं? हेंड्रिक्स त्याच सांध्यावर आपलं सगळ्यात मोठं बांधकाम करतो. चार वेगवेगळ्या आवाजांतून तो श्रोत्याला गावाबाहेर, मोकळ्या माळावर नेतो आणि मग बुरूज दाखवतो. डिलनने फट ठेवली होती, हेंड्रिक्सने तिथे प्रवास घातला.

शेवटच्या ओळीनंतरचे दहा सेकंद दोन्हींत लागोपाठ ऐका. वारा घोंगावू लागला एवढं सांगून डिलन माउथ ऑर्गन उचलतो, वारा तुमच्या मनात सोडून. हेंड्रिक्सकडे तो शब्द संपता संपता गिटार वर उसळते आणि वारा खरोखर सुटतो. जोर, संथ केलेली लय, कानातून कानात फिरणारा आवाज, ओळींमधली उत्तरं, हे सगळे फरक या एका निर्णयाच्या आधाराने नीट लावता येतात. मुळाने जे सूचित ठेवलं होतं ते कव्हरने ऐकू आणलं.

सावधान: सापडलेला निर्णय वहीतल्या निदान चार-पाच फरकांना लागू पडला पाहिजे. एकालाच लागू पडत असेल तर तो निर्णय नव्हे, फक्त तुम्हाला आवडलेली जागा आहे. स्वरपट्टीच्या फरकाला तो लागू पडत नाही, म्हणून तो बाजूला राहू द्या. सगळंच कोंबून बसवण्याचा हट्ट नको.

### ११. आता कुठे बाहेरची माहिती वाचा

कोण कधी कुठे वाजवत होतं, ही माहिती ऐकण्याआधी वाचली तर कान तीच शोधत बसतो. म्हणून ती शेवटी.

डिलनचा अख्खा अल्बम तीन बैठकांत रेकॉर्ड झाला. हेंड्रिक्सने हे एक गाणं जानेवारीत लंडनला चार ट्रॅकच्या (चार आवाज वेगवेगळे ठेवता येणाऱ्या) टेपवर सुरू केलं आणि पुढे न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत जास्त ट्रॅकच्या यंत्रावर नेऊन त्यावर थर चढवत राहिला. डिलनचा अल्बम बाजारात येऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा हेंड्रिक्सने कामाला हात घातला होता. त्यामुळे ‘जुन्या गाण्याला नवं रूप दिलं’ हे वाक्य इथे बसत नाही. गाणं तेव्हा ताजंच होतं. इंग्लंडच्या यादीत कव्हर पाचव्या आणि अमेरिकेच्या यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत गेलं. हा आकडा लिहायचा तर लिहा, पण गाणं चांगलं असल्याचा पुरावा म्हणून नको.

### १२. लिहिताना

प्रत्येक मुद्द्याला तीन गोष्टी लागतात: मुळात काय आहे, कव्हरमध्ये काय आहे, आणि कितव्या मिनिटाला. ‘सोलोत जादू आहे’ हे वाक्य वाचकाला तपासता येत नाही. ‘दुसऱ्या कडव्यानंतरच्या सोलोत गिटारचा आवाज चारदा बदलतो’ हे तपासता येतं.

लिहून झाल्यावर हे शब्द शोधा आणि प्रत्येकापाशी थांबा: कमी, जास्त, नुसतं, फक्त, साधं, खरं. ‘डिलनकडे फक्त माउथ ऑर्गन आहे’मधलं ‘फक्त’ काढून पाहा. वाक्य तरीही उभं राहतं, आणि जास्त खरं होतं. ‘हेंड्रिक्सने गाण्याला न्याय दिला’सारखी वाक्यं सरळ काढून टाका, मूळ गाण्यावर अन्याय झाला होता असा त्यांचा अर्थ निघतो.

नंतर मूळ गाणं आणखी एकदा, शेवटचं, लिहिलेलं पान समोर ठेवून ऐका. ‘मुळात हे नाही’ असं जिथे जिथे लिहिलंय तिथे पेन टेकवून थांबा आणि ते खरंच नाही ना, हे कानाने बघा. माझ्या अनुभवात दर पानाला एखादं तरी वाक्य इथे खोडावं लागतं, आणि बहुतेकदा ते बेसबद्दलचं असतं.

पान पूर्ण झालं की ही दोन्ही गाणी न ऐकलेल्या एखाद्या माणसाच्या हातात पान आणि हेडफोन द्या. तुम्ही लिहिलेल्या वेळांवर त्याला त्या जागा सापडतात का ते शेजारी बसून बघा, मध्ये काही बोलू नका. जिथे तो अडेल तिथलं वाक्य पुन्हा लिहा.